बिनतारी जाळ्याची पिवळी तार

एका अहवालाच्या नवव्या पानावर माझं एक वाक्य आहे. मूळ वाक्य इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ असा, की स्थानिक तंत्रज्ञाने केलेल्या सदोष तारजोडणीमुळे पाहणीच्या दिवशी जाळं बंद पडलं. हे वाक्य खोटं आहे आणि लिहितानाच मला ते माहीत होतं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की मी कुणाचं नाव तर घेतलेलं नाही. आमच्या कॉलेजात तंत्रज्ञ एकच होता.

ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मुदतीआधी निवृत्ती घेऊन आमच्याकडे कंत्राटावर आले. कमरेला काळा टेस्ट फोन लटकवलेला असे, लाइनमन खांबावर चढून ज्यावर बोलतात तसला. खात्याने परत मागितला नाही, त्यांनी दिला नाही. कोणतीही तार जोडली की तिच्या एका टोकाला हा फोन लावायचा, दुसऱ्या टोकाला तसलाच दुसरा लावून कुणाला तरी उभं करायचं आणि गंभीरपणे म्हणायचं, "बोला, तेरा नंबर." समोरचा काहीतरी बोलल्याशिवाय तार पास नाही. मीटरवर सुई हललेली त्यांना पुरत नसे. "सुई खोटं बोलते," म्हणायचे, "मानूस तारीवर खोटं बोलला त आवाजात समजते."

मी तेव्हा आदिलाबादला नवीन लागलेलो, पीएच.डी. ताजी. आमचं घराणं तीन पिढ्या इथलंच, वडील महसूल खात्यात. त्यामुळे काकांची बोली मला घरची होती. मी त्यांना काका म्हणत असे. ते मला सर म्हणत, पण असं म्हणत की त्यात मान किती आणि कीव किती ते कळू नये.

माझ्याकडे काम आलं ते टेस्टबेड उभारण्याचं. हे काय असतं ते सोपं करून सांगतो. शेतात, जंगलात छोटी यंत्रं ठेवतात. ती ओल, उष्णता मोजतात आणि रेडिओने एकमेकांना सांगत सांगत केंद्रापर्यंत पोचवतात. अशा एका यंत्राला नोड म्हणतात. हे नोड नीट बोलतात का, कधी गप्प होतात, का होतात, हे अभ्यासायला मुद्दाम एक जाळं बांधून ठेवावं लागतं. त्यावर दूरदूरचे संशोधक आपापले प्रोग्राम चालवून पाहतात. आम्ही चोवीस नोड लावायचे होते. काही व्हरांड्यात, काही गच्चीवर आणि बाकीचे कुंपणापलीकडच्या एका शेतकऱ्याच्या कापसात. त्याने परवानगी आनंदाने दिली होती.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "हे बिनतारी हाय न, सर?"

"हो."

"मंग याइच्यातला एखादा मेला, त तुमाले सांगन कोन?"

मी म्हणालो, तोच रेडिओवरून कळवेल की बॅटरी संपत आलीये वगैरे.

"मेलेल्यालेच इचारान काय, का बा, कवा मेला?"

आणि त्यांनी प्रत्येक नोडला तार लावायला घेतली. टेलिफोनची पिवळी तार, खात्याच्या भंगारातून आणलेली. बिनतारी जाळ्याला तार लावणारा माणूस म्हणून सगळं कॉलेज त्यांना हसत होतं. स्टाफरूममध्ये त्यांचं नाव पडलं होतं 'वायर काका'. मीही हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो. खरं तर जगभर चांगली टेस्टबेडं अशीच बांधतात. नोड आपसात रेडिओने बोलतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला, बिघडल्यास नवा प्रोग्राम भरायला मागून एक तार असते. हे मला पुस्तकातून कळलं, तेही वर्षभराने. काकांना ते खांबावर कळलं होतं.

त्यांचा जॉइंट बघण्यासारखा असे. तारेचे दोन्ही पदर दातांनी नव्हे, पकडीनेच सोलायचे. मग एकमेकांभोवती अकरा वेढे, मोठ्याने मोजत. दहा झाले आणि कुणी हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही. मग वितळलेल्या मेणात बुडवायचा, वर रबराची नळी, वर टेप. "जॉइंट मारला का त्याच्यावर आपलं नाव असते," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते मला ऐकूच येईनासं झालं.

नोडला नंबर होते, पण काका त्यांना स्वभावाप्रमाणे नावं देत. सहा नंबर 'प्रिन्सिपल', कारण तो सगळ्यात जास्त बॅटरी खायचा आणि महिन्यातून एकदा बोलायचा. अकरा नंबर 'मुनीम', कारण मागितलं नाही तरी हिशेबाने आकडे पाठवायचा. सतरा नंबरला ते 'सर' म्हणत. मी विचारलं, माझं नाव का.

"बोलते चांगला," ते म्हणाले. "आयकत नाई."

जेवणाच्या सुट्टीत ते भाकरी वर्तमानपत्रावर घेऊन बसत. डबा असे, स्टीलचा, पण त्यात नोड ठेवलेला असे. स्टीलच्या डब्यातून रेडिओ बाहेर येत नाही. त्यामुळे एखादा नोड अचानक मुका झाला तर बाकीचे काय करतात ते बघायला त्यांना डबा लागायचा. घरी काकू विचारत, डब्याला तेलाचा वास काऊन नाही. "उपाशी डबा नेऊन राह्यले न आनून राह्यले," असं त्या शेजारणींना सांगत.

कापूस छातीला लागला की पानांतल्या पाण्याने रेडिओ अडतो. शेतातले नोड एकमेकांना ऐकेनासे होतात. शहरातून आलेले संशोधक म्हणत, नोड बांबूवर उंच चढवा. काका हलवू देत नसत. "ओल खाली हाय, किडा खाली हाय, अन् यंत्र कायले वरतं?" ते म्हणत. "तुटते कवा हे पाहाले बांधलं न जाळं? मंग तुटू द्या न."

यापेक्षा नेमकं वाक्य मी या विषयात कुठे वाचलेलं नाही. त्या टेस्टबेडवरच्या मोजमापांवर कितीतरी निबंध निघाले. ज्यांनी कापसात एकदाही पाय ठेवला नाही, ज्यांना नोडच्या पेटीत मुंग्या घर करतात हे माहीत नाही, अशांची नावं त्यांवर आहेत. माझंही आहे. शेवटच्या आभारात विजेची सोय करणाऱ्या विभागाचे आभार आहेत. बांधणाऱ्याचे नाहीत. आमच्या क्षेत्रात बांधणं हे संशोधन धरत नाहीत, ते मजुरी धरतात. मला आज याची चीड येते. तेव्हा येत नव्हती, कारण तेव्हा मला बढती हवी होती.

पाहणीचं पत्र आलं. शहरातून समिती येणार, प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरवणार. काका याला मुआयना म्हणत. प्रिन्सिपल आदल्या आठवड्यात व्हरांड्यातून फिरले. भिंतीवरची पिवळी तार बघून थांबले. "ये वायरलेस ल्याब में इतने वायरां कायको?"

मी तार कशाला आहे ते सांगू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो, "काढून टाकतो, सर."

काकांना सांगितलं तेव्हा ते मेण वितळवत होते.

"मी नाई काढनार."

"काका, चार दिवसांचा प्रश्न आहे. फोटो काढतील, जातील. मग परत लावू."

"चार दिवसात काई झालं त?"

"काय होणार आहे?"

"तेच त म्हनून राह्यलो. काय होनार हाय ते तुमाले माईत नाई, मलेबी माईत नाई. म्हनून तार हाय."

मी आवाज चढवला. म्हणालो, प्रकल्पप्रमुख मी आहे. त्यांनी कमरेची पक्कड काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "मंग तुमीच कापा."

मी कापली. भिंतीवरची उपटून काढली. शेतातली बांधाखालून पुरलेली होती, ती तशीच राहिली, पण प्रत्येक पेटीपाशी वर आलेलं टोक मी कापलं, अगदी पेटीला घासून, म्हणजे फोटोत दिसायला नको. व्हरांडा-गच्चीवरची धरून चोवीस टोकं. काका बांधावर उभे राहून बघत होते. मी एकेक कापत गेलो तसे ते नंबर बोलत गेले. सतरावर मात्र काही बोलले नाहीत.

आणि एवढ्यावर माझं भागलं नाही. समितीला पडद्यावर सगळे नोड एकाच वेळी झरझर बोलताना दाखवायचे होते. त्यासाठी मी नवा प्रोग्राम लिहिला आणि पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी रेडिओवरूनच तो चोवीसही नोडना पाठवला. काकांचा नियम होता, नवा प्रोग्राम आधी एकाच नोडमध्ये, तार लावून, टेबलावर, एक दिवस. त्या नोडला ते 'पाहुणा' म्हणत. पाहुणा एक दिवस नीट राहिला की मग बाकीच्यांना. मी पाहुणा ठेवला नाही. प्रोग्राममध्ये एक ओळ चुकली होती. नोडचा रेडिओ बॅटरी वाचवायला झोपत होता, आणि त्याला उठवणारी ओळ मी लिहायलाच विसरलो होतो. चोवीसही नोड झोपी गेले. ते आता कुणाचं काही ऐकू शकत नव्हते, त्यामुळे दुरुस्त केलेला प्रोग्रामही त्यांच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. तार असती तर पाऊण तासाचं काम होतं.

काका प्रयोगशाळेच्या दारात आले. "सगळे एकदमच गेले, सर. जॉइंट एकदम नाई मरत. एकएक मरते. हे तुमच्या परोग्रामाचं काम हाय."

"मला माहितीये," मी म्हणालो.

ही कबुली मी त्यांच्याजवळ दिली होती. हे विसरता येत नाही. त्यांना कारण ठाऊक होतं आणि मला ते ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

ते लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून कापसात गेले. प्रत्येक पेटीला चार स्क्रू. पेटी उघडायची, वाकून छोटी केबल लावायची, प्रोग्राम भरायचा, पेटी बंद करायची. दुसऱ्या दिवशी समिती येईपर्यंत त्यांनी नऊ नोड जागे केले. त्यांचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा जास्त होतं. मी प्रयोगशाळेत पंख्याखाली बसून चुकीची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो, जणू ती वाचण्याने काही होणार होतं.

समिती आली. पडद्यावर नऊ हिरवे ठिपके, पंधरा लाल. अध्यक्षांनी विचारलं, काय झालं.

मी इंग्रजीत म्हणालो, वायरिंगची अडचण झाली, सर. लोकल टेक्निशियनने केलेलं काम होतं.

काका मागच्या दारात उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत कापसाचं पान, कमरेला टेस्ट फोन. इंग्रजी त्यांना बोलता येत नसे, समजत असे. 'लोकल टेक्निशियन' तर नक्कीच समजलं असणार. तोपर्यंत मी त्यांना काका म्हणत होतो.

समिती जेवून चाळीस मिनिटांत गेली. तार कुठे आहे, एवढं एक वाक्य विचारायचं कष्ट त्या चार विद्वानांपैकी एकानेही घेतलं नाही. वायरिंग सदोष म्हणे, आणि डोळ्यांसमोर एक वायर नाही. मी हे कुणाला सांगितलं की लोक समितीवर चिडतात, मीही चिडतो. मग आठवतं की त्यांना ती थाप विकणारा मी होतो. नंतर लेखी खुलासा मागितला गेला आणि मी अहवालात ते नवव्या पानावरचं वाक्य लिहिलं. प्रकल्प वाचला. काकांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

शेवटच्या दिवशी ते माझ्याकडे आले. मला वाटलं, नोकरीचं बोलतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"सर, नोकरीचं नाई म्हनत मी," ते म्हणाले. "ते जाऊ द्या. कागदावर तुमी लिहलं का जॉइंट कच्चा होता. तेवढं खोडा. दुसरं काईबी लिहा. उशिरा येते म्हना, भांडते म्हना, आयकत नाई म्हना. पन माह्या जॉइंटले नाव ठेवू नोका."

मी म्हणालो, "पाहतो."

पाहिलं नाही. जवळच्या भैंसा गावातल्या एका जिनिंग कारखान्यात त्यांचं काम जवळपास ठरलं होतं. जिनिंगमध्ये कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, एक ठिणगी पडली तर सगळं पेटतं, म्हणून तिथे तार जोडणारा माणूस पारखून घेतात. मालकाने कॉलेजात फोन केला. ऑफिसातून मालकाला नववं पान वाचून दाखवण्यात आलं आणि ते काम हुकलं. मला हे त्याच दिवशी कळलं. मी फोन उचलून दोन वाक्यं बोलू शकलो असतो. त्या दिवशी माझा वर्ग होता, असं मी स्वतःला सांगितलं. वर्ग होताच. तासाभराचा होता.

पुढे मी प्राध्यापक झालो, विभागप्रमुख झालो. खोटं वाक्य कपाटात पडून राहतं असा माझा समज होता. तसं नसतं. गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यातली चार तरुण मंडळी भेटायला आली. बेज्जूरच्या जंगलात ओढ्याकाठी त्यांनी पाणी मोजणारे नोड लावले होते. पावसाळ्यात सगळे गप्प झाले. कधी झाले, का झाले, काही कळायला मार्ग नाही. सगळा हंगाम वाया.

मी विचारलं, "निदान काठावरच्या चार-पाच नोडना तरी मागून तार का नाही टाकली?"

त्यांच्यातली एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्याच अहवालात होतं ना. या भागात स्थानिक वायरिंग टिकत नाही, तुमचंही जाळं त्यामुळेच बंद पडलं. म्हणून टाकली नाही."

मेलेल्यालेच इचारान काय. मला ते वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकू आलं. मी एका माणसाचं नाव खराब केलं होतं एवढंच मी मानत होतो. आता माझं खोटं शास्त्र झालं होतं, लोक त्याचे दाखले देत होते आणि त्यावर विसंबून जंगलात फसत होते.

मी कुंपणापलीकडच्या शेतात गेलो. तोच शेतकरी, केस पांढरे. मी म्हणालो, बांधाखालची तार उकरायची आहे.

"ते फोनवाल्याची?" तो म्हणाला. "हाय न. दरसाली वखर चालवतो, पन बांधाले हात नाई लावत. त्यायनं सांगून ठेवलं होतं, सर येतीन कवातरी."

आम्ही दोघांनी उकरलं. दुपारभर मी मीटर लावून एकेक लाइन तपासली. बांधाखालची एकूण एक लाइन शाबूत होती. एक जॉइंट मी सोलून पाहिला. मेणाच्या आत तांबं नव्यासारखं होतं. वेढे मोजले. अकरा.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तार मी कापली, प्रोग्राम माझा चुकला, वाक्य मी खोटं लिहिलं. ज्यांनी ज्यांनी अहवाल मागवला होता त्या सगळ्यांना पाठवलं, आणि एक प्रत भैंशाच्या त्या कारखान्यालाही. आताचे प्रिन्सिपल वेगळे आहेत. पत्र वाचून त्यांनी चष्मा काढला. "इप्पुडु एंदुकंडी?" आता कशाला. कॉलेजची अब्रू जाईल म्हणाले. कॉलेजातल्या एका माणसाची गेली तेव्हा कॉलेजची राहिली होती का, असं मी विचारलं. विभागप्रमुखपद महिन्याभरात दुसऱ्याकडे गेलं. ते योग्यच झालं.

पत्राची प्रत घेऊन मी काकांच्या गावी गेलो. सरहद्दीजवळचं गाव, मोबाइलला रेंज नाही. काकू ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी कॉलेजचा म्हणून सांगितलं.

त्यांनी मान वर केली. "तार कापनारे का तुमी?"

"हो."

"बसा. ते वावरात हायेत."

मी म्हणालो, जाऊन भेटतो.

"जासान नंतर. फोन हाय न." त्यांनी भिंतीकडे हात केला. खुंटीला एक काळा टेस्ट फोन लटकत होता आणि त्यातून निघालेली पिवळी तार वळचणीखालून, गोठ्यावरून वावराकडे गेली होती.

"मला समोरासमोर बोलायचंय, काकू."

"काऊन? त्याइच्या तारीवर भरोसा नाई?"

मी फोन घेतला. काकांनी कधीकाळी शिकवलं होतं तसं बटण दाबलं. पलीकडे वारा ऐकू येत होता. मग खाकरल्याचा आवाज आला. कोण आलंय ते काकूंनी सांगितलेलं नव्हतं. वावरातून ओटा दिसत असावा.

"बोला," काका म्हणाले, "सतरा नंबर."

मी खिशातून पत्र काढलं होतं. ते वाचायचं ठरवलं होतं. पण कागद हातातच राहिला.

"काका," मी म्हणालो, "तार मी कापली. प्रोग्राम माझा चुकला होता. बांधाखालचे सगळे जॉइंट मी तपासले, एकही कच्चा नाही. मी खोटं लिहिलं, आणि खोडायला सांगितलंत तेव्हा खोडलं नाही. आता खोडलंय. उशीर झाला. मला माफ करा."